नितळ पाण्याचा अहवाल

त्या विहिरीचं पाणी मी प्यायले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर सांगितलं तर सगळी चूक डेपोवाल्याची आणि मी एकटी शहाणी, असं वाटायला लागेल. पेलाभर पाणी प्यायले, "किती गोड आहे हो" म्हणाले, आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी त्याच पाण्याबद्दल "सर्व घटक मर्यादेत" असं छापलेल्या कागदावर सही केली. सही माझीच आहे. निळ्या शाईची.

मी सोलापूरच्या एका खासगी प्रयोगशाळेत माती-पाण्याचे नमुने गोळा करायचं काम करते. शिकले भूगर्भशास्त्र, पण माहेर तामलवाडीकडचं, शेतकऱ्याचं, त्यामुळं मुरूम कुठं संपतो आणि काळा पाषाण कुठं लागतो हे पुस्तकाच्या आधी वडिलांच्या विहिरीत उतरून कळलं. कुणाची तरी तक्रार सरकारी कार्यालयात जाते, कार्यालय आमच्या प्रयोगशाळेला पत्र पाठवतं, आणि मी बाटल्या नि बर्फाची पेटी गाडीत टाकून निघते. पंधरा वर्षं हेच करतेय. स्वभाव तापट आहे, हे माझ्याबरोबर काम केलेला कुणीही सांगेल.

नळदुर्गच्या अलीकडं, हायवेला लागून, डिझेलचा एक डेपो आहे. रस्त्याची कामं करणारे कंत्राटदार आणि लांब पल्ल्याचे ट्रकवाले तिथून डिझेल नेतात. टाक्या जमिनीखाली पुरलेल्या. डेपोच्या मागं जमीन उतरत जाते, मग एक ओघळ लागते, आणि ओघळीच्या पलीकडं दोन एकराचा एक तुकडा. त्या तुकड्यात दगडी बांधणीची एक विहीर, शेजारी पत्र्याचं घर. छप्पन्नच्या धर्मांतरात बौद्ध झालेलं कुटुंब. मुलगा पुण्याला कंपनीत, घरी म्हातारी आई, सून आणि तिची लहान मुलगी. सून गावच्या अंगणवाडीत सेविका. तक्रार तिनंच केली होती, वहीचा कागद फाडून, ठसठशीत अक्षरात: विहिरीच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येतो, वर तवंग धरतो, म्हैस तोंड लावत नाही, आम्हाला प्यायला दुसरं पाणी नाही, कृपया येऊन बघा.

तर मी गेले बघायला.

आधी डेपोत जावं लागलं, कारण कामाच्या पत्रात तसा क्रमच दिलेला. मॅनेजर चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मधात बुडवलेलं. "मॅडम, आधी चहा. काम काय, होतच राहतं." मातीचे नमुने कुठून घ्यायचे? तर पत्रात लिहिलेलं, "जागेचे प्रभारी दाखवतील त्या ठिकाणाहून." ज्याच्यावर संशय आहे त्यानंच बोटानं दाखवायचं, इथं खणा, तिथं नको! त्यानं दाखवलं ते फाटकाजवळ, टाक्यांच्या वरच्या अंगाला. आणि मागच्या कुंपणाच्या कडेनं अख्खा पट्टा ताज्या लाल मुरमानं झाकलेला. मी विचारलं, हा मुरूम कधी टाकला? "पावसाळ्यात फार चिखल होतो हो, मॅडम." तेव्हा कडक ऊन पडलं होतं, पावसाळ्याला दोन महिने अवकाश होता. मला कळत होतं सगळं. पण मी गिरमिटानं त्यानं दाखवलेल्या जागी माती काढली, पिशव्या भरल्या, चिठ्ठ्या लावल्या. मनात म्हटलं, मातीचं राहू दे, पाणी काही लपवता येत नाही.

पाणी काही लपवता येत नाही! केवढी मोठी अक्कल माझी.

ओघळ ओलांडून विहिरीवर गेले तर म्हातारी आजी एकटीच घरी. सून लेकीला घेऊन तालुक्याला चार दिवसांच्या प्रशिक्षणाला गेलेली. आम्ही येणार हे पत्रानं डेपोला कळवलं होतं, ग्रामपंचायतीला कळवलं होतं. जिनं तक्रार केली तिला कळवायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आजींनी स्वच्छ धुतलेलं लुगडं नेसलं होतं, अंगण सारवलं होतं. मला खाट टाकली, तांब्या-पेला आणून ठेवला. "बसा माय. उनातनं आलाव. पाणी प्या आंदी."

मी पेला नाकाशी नेला. डिझेलचा वास नाही. ब्लीचिंगचा थोडा होता, पण ब्लीचिंग तर गावोगावच्या विहिरीत टाकतात, त्यात नवल काय? प्यायले. मग कठड्यावरून वाकून बघितलं. पाणी नितळ, खालची पायरी दिसत होती. दगड घासूनपुसून लख्ख. आजी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. "कसं हाय?" मी म्हटलं, किती गोड आहे हो. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद उमटला की मलाही बरं वाटलं.

आमच्या बाटल्या तपकिरी काचेच्या असतात. पाणी काठोकाठ भरायचं, झाकण लावायचं, बाटली उलटी करून बघायची. आत एक जरी बुडबुडा दिसला तरी ओतून पुन्हा भरायची, नाहीतर डिझेलमधले उडून जाणारे घटक त्या बुडबुड्यात जातात आणि नमुना फुकट. मी प्रत्येक बाटली दोनदा उलटी करून बघितली. एकही बुडबुडा नव्हता. मग पाण्यातले क्षार मोजायचं छोटं यंत्र बुडवलं. आकडा फारच कमी आला. त्या भागातल्या बोअरचं पाणी मचूळ, भांड्याला पांढरा थर धरणारं. आणि हे असं, जणू धरणातून आत्ताच आणलेलं. मी वहीत आकडा लिहिला आणि पुढं एक प्रश्नचिन्ह काढलं. पंधरा वर्षं काम करणाऱ्या बाईनं तिथंच थांबून विचारायला हवं होतं, आजी, हे पाणी कुठलं? नाही विचारलं. गाडी थांबली होती, बर्फ वितळत होता, दुपारी अजून एक गाव करायचं होतं. प्रश्नचिन्ह वहीतच राहिलं आणि अहवालात फक्त आकडा गेला.

अहवाल कार्यालयात पोचला. कार्यालयानं फाइल बंद केली.

महिन्याभरानं प्रयोगशाळेच्या फोनवर एक बाई. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "त्या विहिरीच्या पाण्याला चांगलं म्हणून लिहिलेल्या म्याडम तुमीच का?"

"मीच. आपण कोण?"

"ज्यांची विहीर हाय त्या घरची सून. या की मग इकडं. आन एक पेला पिऊन दावा मला."

माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं की माझं डोकं सटकतं. मी म्हटलं, "हे बघा ताई, नमुना मी स्वतः घेतलाय. यंत्रावर तपासलाय. यंत्र काही कुणाचं सोयरं नसतं."

"यंत्राला नाक हाय का?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी तशीच बसले. राग असा आला होता की डबा खाल्ला नाही. ही कोण मला शिकवणारी? पण रागाच्या बुडाशी काहीतरी टोचत होतं, म्हणून कपाटातून ती वही काढली. पान उघडलं, तर ते प्रश्नचिन्ह माझ्याकडं बघत होतं. रविवारी मी एसटीनं फाट्यावर उतरले आणि चालत गेले.

बांधावरच वास आला. रॉकेल, जुनं गॅरेज, तसला. सुनेनं विहिरीत बादली सोडली, वर ओढली आणि माझ्या पुढ्यात आदळली. पाण्यावर जांभळा-हिरवा तवंग फिरत होता. तिनं त्यात स्टीलचा पेला बुडवला नि माझ्यासमोर धरला. "घ्या."

मी घेतला नाही. खाली बघितलं. आयुष्यात मला इतकी लाज क्वचित वाटली असेल. पिशवीतून यंत्र काढलं आणि बादलीत बुडवलं. आकडा मागच्या वेळेपेक्षा कुठल्या कुठं वर गेलेला, अगदी आसपासच्या बोअरसारखा. म्हणजे मी तेव्हा बाटलीत भरून नेलं ते या विहिरीचं पाणीच नव्हतं.

"माझ्या येण्याआधी विहिरीत काय केलं होतं?" मी विचारलं.

"काय करणार? म्या तर तालुक्याला व्हते," सून म्हणाली. आणि मग तिनं मागं वळून बघितलं. दारात आजी सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला होता.

"आत्याबाई?" सुनेनं हाक मारली.

आजींनी सूप बाजूला ठेवलं. "म्या धुतली इहीर," त्या म्हणाल्या. "पाव्हनं येनार म्हणल्यावर धुवू नाय का?"

मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. आमच्या भेटीच्या दोन दिवस आधी मॅनेजर स्वतः ओघळीपर्यंत आला होता. आजींना म्हणाला, "आजी, परवा सोलापूरची मॅडम येणार आहे. तुमच्या विहिरीचं पाणी घाण आहे असं सरकारी कागदावर लिहून नेणार आहे. सगळ्या तालुक्याला कळणार." एवढंच बोलून गेला. आजींनी दुसऱ्या दिवशी सकाळपासून मोटार लावून विहीर उपसली. भावकीतली दोन माणसं आत उतरवली, दगड ब्रशनं घासून घेतले, ब्लीचिंग टाकलं. पण विहीर रिकामी झाली तरी झिरपून येणारं पाणी वास मारतच होतं. आता उद्या पाव्हण्यांना काय दाखवायचं? म्हणून आजी स्वतः डेपोत गेल्या आणि पाण्याचा टँकर मागितला. डेपोचा टँकर रात्री उशिरापर्यंत खेपा मारत होता. पुरुषभर पाणी झालं.

आता हे ऐकून शहरातल्या माणसाला वाटेल, म्हातारीनं लबाडी केली. तसं नाही हो. आमच्याकडं उन्हाळा आला की टँकर गावात येतो आणि सगळं पाणी विहिरीतच सोडतो, मग बाया तिथून शेंदून नेतात. हे मी लहानपणापासून बघतेय. टँकरचं पाणी विहिरीत गेलं की ते विहिरीचं झालं, असंच सगळे धरतात. आजींच्या मनात फसवाफसवी नव्हतीच. नमुना म्हणजे काय, तो कशासाठी, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटलं मी विहीर बघायला येतेय, जसं कुणी मुलगी बघायला येतं.

सुनेचा मात्र संताप संताप झाला. "आत्याबाई, तुमी काय करून बसलाव ओ? म्या तीन खेपा घातल्या त्या हापिसात! सायेब लोकांच्या पाया पडायचं बाकी ठिवलं. आन तुमी त्याच्याच टँकरनं सगळं धुवून टाकलं?" ती रडत नव्हती, पण तिचा आवाज फाटला होता. "लेकराची आंघोळ त्याच पाण्यानं व्हते की ओ! हातापायाला चट्टे उठल्यात पोरीच्या. तुमाला दिसत न्हाईत?"

"दिसत्यात," आजी म्हणाल्या.

"मग?"

आजी माझ्याकडं बघून बोलायला लागल्या, सुनेकडं नाही. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा गावच्या विहिरीवर त्यांना चढता येत नव्हतं. खाली घागर घेऊन बसायचं, कुणी वरनं ओतलं तर ओतलं. दुपार व्हायची. म्हणून सासऱ्यांनी आणि नवऱ्यानं ही विहीर खणली. मजुरीवरून आल्यावर, तीन उन्हाळे, पहार आणि दगड फोडायच्या सुतकीनं. आजींनी डोक्यावर दगड वाहिले. बहात्तरच्या दुष्काळात गावची विहीर कोरडी ठाक पडली आणि हिच्यात पाणी होतं. "पयल्या दिशी कुनी आलं न्हाय. दुसऱ्या दिशी एक बाई आली, पदर तोंडावर घिऊन. चवथ्या दिशी अख्खा गाव. म्या हितंच हुबी व्हते. कुनाला न्हाय म्हनलं न्हाय. सगळ्याच्या घागरी भरल्या." त्यांनी विहिरीकडं हात केला. "तवापासून ह्या इहिरीला कुनी नाव ठिवलं न्हाय, बाई. आन ह्यो मानूस म्हनतो, घान हाय म्हनून लिवनार."

सून भिंतीला टेकून उभी होती. तिनं नंतर आवाज चढवला नाही.

राग कुठंतरी काढायचाच होता, आणि जागा समोर होती. मी तशीच ओघळ ओलांडून डेपोत गेले. मॅनेजर खुर्चीवरून उठला, हसला. "अरे वा, मॅडम! रविवारी? आधी चहा."

"चहा ठेवा तुमच्याजवळ. विहिरीत टँकर तुम्ही सोडलात?"

"हो. म्हातारी आली, म्हणाली पाणी द्या. मागितलं, दिलं. पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायचं का? फोटो आहेत आपल्याकडं. गरिबांना मोफत पाणी." आणि खरंच मोबाइल काढून दाखवायला लागला. फोटोत टँकरचा जाड पाइप विहिरीत सोडलेला, कठड्याशी आजी हात जोडून उभ्या. हात जोडून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानंतर मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आमच्याकडं पेरणीत आडव्या झालेल्या बैलाला बोलतात त्यातलं होतं. त्याचं हसू तेवढं गेलं. "मॅडम, तुमचाच अहवाल आहे," तो म्हणाला, "मी नाही लिहिलेला." मी तशीच बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत आमच्या सरांना सगळं सांगितलं. सर वाईट माणूस नाहीत. भित्रा माणूस आहेत, आणि कधी कधी ते जास्त महागात पडतं. त्यांनी दार लावून घेतलं. "अहवाल गेलाय. फाइल बंद झालीय. उकरून काढलंत तर तक्रारदारानंच नमुन्यात ढवळाढवळ केली असं निघेल. त्या म्हातारीवरच उलटेल. आणि तुमच्या वहीतलं ते प्रश्नचिन्ह कुणाला दाखवू नका, तुमच्यावर पण उलटेल."

"मग ते लोक तेच पाणी पीत राहणार?"

"आपण डॉक्टर आहोत का?" सर म्हणाले.

मी विचारलं, उपाय काय ते सांगा. तर एकच होता. तक्रारदारानं नव्यानं अर्ज करायचा, त्यात विहिरीत टँकर सोडल्याचं कबूल करायचं, आणि मी माझ्या वहीचं पान जोडून लिहून द्यायचं की शंका आली असताना मी ती नोंदवली नाही. मी माझं त्याच दुपारी लिहिलं. कागद सरांच्या टेबलावर ठेवला तेव्हा ते म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा." नंतर माझ्या कामाच्या फाइलला एक ताकीद लागली, ती अजून आहे.

सुनेलाही अर्जाचं फोनवर सांगितलं, पण आजींचं चार दिवस काही कळेना. सुनेला फोन केला की ती म्हणायची, "बोलंनात. जेवत्यात, काम करत्यात, बोलत न्हाईत." पाचव्या दिवशी तिचाच फोन आला, या म्हणून.

गेले तर आजी अंगणात वही-पेन समोर ठेवून बसलेल्या. "सुनबाई लिवंल, म्या सांगते," त्या म्हणाल्या. आणि सांगायला लागल्या. मी माझ्या हातानं विहीर उपसली. मी डेपोचा टँकर मागून आणला आणि विहिरीत सोडला. मॅडमनी नेलं ते पाणी टँकरचं होतं. इथवर नीट आलं. पुढं थांबल्या. सून पेन धरून बसली. "सांगा की फुडं, आत्याबाई. पाणी घाण हाय."

"घान न्हाय," आजी म्हणाल्या. "बिघडवलंय. बिघडवलंय असं लिव. आन कुनी, ते बी लिव."

मी म्हटलं, "आजी, कुणी ते तपासणीत ठरेल. अर्जात लिहून चालत नाही."

"का बरं? वास कुठनं येतो ते तुमाला कळंना का?"

"कळतंय."

"मग लिव गं," त्या सुनेला म्हणाल्या, आणि तिनं लिहिलं. अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढं केला तर आजींनी तो ढकलून दिला. साक्षरतेच्या वर्गात सही शिकल्या होत्या. एकेक अक्षर दाबून, खालचा कागद फाटेल असं, त्यांनी सही केली.

दुसऱ्या खेपेला सगळं नियमानं झालं. पंच होते, ग्रामसेवक होता, सून सकाळपासून विहिरीवर बसून होती, आणि या वेळी मातीच्या जागा मी ठरवल्या. ओघळीच्या काठाला गिरमिट घातलं. वर हातभर काळी माती, खाली मुरूम. आमच्याकडचा मुरूम तांबूस-पिवळा असतो. हा निघाला करडा, ओशट, आणि वर काढताक्षणी पंचांनी नाकाला रुमाल लावले. डेपोच्या कुंपणाच्या आत, त्या ताज्या मुरमाच्या पट्ट्याखाली, तर चिखलच होता डिझेलचा. मॅनेजर या वेळी चहा विचारायला आला नाही. लांब उभा राहून फोनवर बोलत होता. टाकी कुठंतरी गळत होती, डिझेल मुरमातून ओघळीखाली आणि तिथून पाषाणाच्या भेगांनी विहिरीत, इतकं सरळ प्रकरण. हे शोधायला भूगर्भशास्त्र लागत नाही. उतार कुणीकडं आहे ते कळायला लागतं.

अहवाल आला. पाण्यात डिझेलचे घटक मर्यादेच्या कितीतरी पट. मी शिफारशी दोन लिहिल्या, प्रत्येक शब्द चारदा तपासून. पहिली, विहिरीचं पाणी वापरणं तत्काळ थांबवून कुटुंबाला पिण्याचं पाणी पुरवावं. दुसरी, डेपोतल्या टाक्या तत्काळ रिकाम्या करून तपासाव्यात आणि बिघडलेली माती खणून काढावी. दोन्हीकडं "तत्काळ" मीच लिहिलं होतं. सरांनी या वेळी तो त्याच दिवशी पुढं पाठवला. सुनेला फोन करून सांगितलं, तर ती पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलली. म्हणाली, "आत्याबाईला सांगते. लई बरं वाटंल त्यान्ला."

आठ दिवसांनी मी पुढचा नमुना घ्यायला गेले. एक निळं पिंप दाराशी ठेवलेलं होतं, ग्रामपंचायतीचा टँकर दिवसाआड भरतो ते. पहिल्या शिफारशीची अंमलबजावणी झाली होती. विहिरीच्या कठड्यावर लोखंडी अँगल ठोकून पत्र्याची पाटी उभी केली होती, रस्त्यावरून सहज दिसावी अशी, रस्त्याकडं तोंड करून. लाल अक्षरं: या विहिरीचे पाणी दूषित आहे, पिण्यास व वापरण्यास सक्त मनाई. खाली माझ्या अहवालाचा क्रमांक.

गावातल्या दोघी बाया रानात निघाल्या होत्या. एकीनं मोठ्यानं पाटी वाचली, आणि दोघी बांध सोडून पलीकडच्या अंगानं गेल्या.

आजी पाटीसमोर उभ्या होत्या. बोट फिरवत, अक्षर जोडत वाचत होत्या. शेवटपर्यंत वाचलं. मग मला विचारलं, "ह्ये तुमी लिवलं?"

"माझ्या अहवालावरून लागलीय, आजी."

त्यांनी मान हलवली. पलीकडं डेपोत एक ट्रक आत येत होता, एक भरून निघाला होता. "आन तिकडं कवा लावनार?"

"त्यांना नोटीस गेलीय," मी म्हटलं. "उत्तर द्यायला मुदत दिलीय त्यांना."

"मुदत," आजी म्हणाल्या. "आन आमाला?"

मी बाटल्या काढल्या. नमुना घेतला, काठोकाठ, बुडबुडा न राहू देता. दुसरं काय करणार होते?

डेपोला उत्तरासाठी आतापर्यंत दोनदा मुदत वाढवून मिळाली आहे. टाक्या भरलेल्या आहेत, ट्रक येतात-जातात. विहिरीवरच्या पाटीचा रंग उन्हानं उडाला होता, म्हणून ग्रामपंचायतीनं ती परवा पुन्हा नव्यानं रंगवून घेतली.